गुलमर्गला गेलो आणि काहीच केलं नाही

“स्कीइंग नाही केलास? मग गेलतास कशाला बे?”

सोलापुरात नव्या पेठेतल्या एका चहाच्या गाड्यावर मित्रानं हे विचारलं, तेव्हा माझ्या हातात चहाचा ग्लास होता आणि तोंडात उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्याभरात हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येत राहिला. पुण्यात ऑफिसमध्ये टीम लीडनं तो सभ्य इंग्रजीत विचारला. मावसभावानं फॅमिली ग्रुपवर हसून लोळणाऱ्या इमोजीसकट विचारला. सूर सगळीकडे तोच. एवढे पैसे घातलेस, एवढ्या लांब गेलास, बर्फाच्या डोंगरावर पोचलास आणि केलंस काय? तर आईशेजारी बसून डोंगर बघितलास. हे काय करणं झालं?

मला या प्रश्नाशी भांडायचंय. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात एक मोठं गृहीतक दडलंय. ते असं की जागा ही ‘करण्यासाठी’ असते. तारकर्लीला गेलात तर स्कूबा केलं पाहिजे, ऋषिकेशला राफ्टिंग, बीरला पॅराग्लायडिंग आणि गुलमर्गला स्कीइंग. जो करत नाही तो तिथं गेलाच नाही, त्यानं फक्त तिकीट वाया घालवलं. आपल्या पिढीनं हे गृहीतक इतकं आतपर्यंत घेतलंय, की सुट्टीहून परत येताना आपण आनंदाचा नाही, उरकलेल्या कामांचा हिशोब आणतो. त्याला आपण ‘एक्सपिरियन्स’ म्हणतो.

माझं म्हणणं असं, की बर्फाच्या डोंगरावर न खेळणाऱ्याचा हक्क खेळणाऱ्याइतकाच आहे. त्याला प्रेक्षक म्हणून हिणवणं हा अडाणीपणा आहे. आणि हा अडाणीपणा निदान सोलापूरच्या माणसानं तरी करू नये. का, ते पुढं सांगतो. आधी माझी चूक कबूल करतो, कारण चौघांनी मला जो प्रश्न विचारला, तोच मी आधी माझ्या आईला विचारला होता.

* * *

आईनं बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काम केलं. घड्या घालायच्या, मोजायचे, गठ्ठे बांधायचे. सगळं काम उभ्यानं. आता ती एकसष्ट वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे त्या बावीस वर्षांची पावती दाखवतात. आम्ही पूर्व भागात राहायचो, जिथं दर दुसऱ्या घराच्या मागं यंत्रमाग चालतो. मागांची खटखट बंद झाली की आम्हा पोरांना जाग यायची, कारण बंद होणं हीच वेगळी गोष्ट होती. मला नोकरी लागल्यावर तिला विचारलं, कुठं जायचं? तिनं तिरुपती म्हटलं नाही, काशी म्हटलं नाही. “बर्फ बघायचाय,” म्हणाली. बर्फ ‘बघायचाय’. तिचं क्रियापद मी नीट ऐकलं असतं तर पुढचा गोंधळ टळला असता.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं, तिथून विमानानं श्रीनगर. सामानात शेंगापोळ्या, कडक भाकरी, शेंगाचटणीचा डबा आणि एक सोलापुरी चादर. चादर कशाला, असं मी विचारलं. “तिथं थंडी असंल की,” असं उत्तर मिळालं. उण्याखालच्या तापमानाला चादर पुरत नाही, हे मी तिला गुगल दाखवून समजावलं. चादर तरीही आली.

गुलमर्गच्या आधी टंगमर्ग लागतं. तिथं भाड्यानं गमबूट आणि लांब कोट मिळतात, आणि बर्फ जास्त असेल तेव्हा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या. इथंच तुम्ही कोण आहात ते ठरतं. ज्याच्या पाठीवर स्की आहेत त्याला कुणी अडवत नाही. बाकीच्यांभोवती घोळका जमतो. स्लेज घ्या, स्नो बाइक घ्या, एटीव्ही घ्या, स्कीइंगचा एक तास घ्या, सगळं एकत्र घेतलं तर कमी करून देतो. घोळक्यातल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. हिवाळ्याच्या चार महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते त्यांना. माझी तक्रार माझ्याबद्दल आहे. मी सगळं घेतलं. आई म्हणत होती, “मला नको रे काही.” मी म्हणत होतो, “एवढ्या लांब आलोय तर कर ना काहीतरी!”

पहिल्या दिवशी मी स्कीइंगचा तास केला. शिकवणारा माझ्याहून लहान होता आणि पायात काही नसल्यासारखा बर्फावर चालत होता. मी पायात दोन फळ्या बांधलेल्या शेळीसारखा. त्या तासात मी किती वेळा पडलो ते मोजलं नाही. पण मोबाइल त्याच्याच हातात दिला होता, आणि त्यानं नेमका मी उभा असतानाचा सात सेकंदांचा व्हिडिओ काढला. तो मी त्याच संध्याकाळी टाकला. लाइक्स आले. गुडघा सुजला ते व्हिडिओत दिसत नव्हतं.

आणि आई? आई तो तासभर कडेला उभी होती. एका खांद्यावर माझी सॅक, दुसऱ्या खांद्यावर तिची पर्स, हातात माझे बूट, कोपरात आमच्याच गाडीतल्या एका जोडप्याच्या पोराचं जॅकेट. मी परत आलो तेव्हा विचारलं, “मजा आली ना?” ती म्हणाली, “हो की.” मग सामान माझ्याकडे देऊन तिनं हात झटकले. कारखान्यातून आल्यावर झटकायची तसेच.

* * *

इथं थोडं थांबायला हवं, कारण ‘न करण्याचा हक्क’ असं मोठ्यानं म्हणताना एक फसवणूक सहज होते. प्रत्येक सहलीत न करणारं एक माणूस असतंच. बहुतेक वेळा ती बाई असते, आणि बहुतेक वेळा ती कुणाची तरी आई असते. ती पर्स धरते, पोरं धरते, चपला सांभाळते, सगळ्यांचे फोटो काढते आणि स्वतः कुठल्याच फोटोत नसते. समुद्रावर गेलं तर ती वाळूत कपड्यांच्या ढिगाशेजारी बसलेली असते. वॉटरपार्कमध्ये ती लॉकरच्या किल्ल्या घेऊन उभी असते. आपण म्हणतो, “तिला आवडत नाही पाण्यात.” तिला विचारलेलं नसतं.

तर बसणं वेगळं आणि बसवून ठेवणं वेगळं. मी ज्या हक्काबद्दल बोलतोय तो मोकळ्या हातांनी बसण्याचा हक्क आहे. सामान धरून उभं राहण्याला मी शांतता, साधेपणा वगैरे म्हणणार नाही. ती ड्यूटी आहे, आणि पहिल्या दिवशी मी माझ्या आईला दोन हजार किलोमीटर लांब नेऊन ड्यूटीवर उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्लेज. पॅकेजमध्ये होती म्हणून. गुलमर्गची स्लेज म्हणजे लाकडी पाट, खाली दोन पट्ट्या, पुढं दोरी. पर्यटक पाटावर बसतो आणि माणूस ओढतो. चाळिशीचा एक माणूस फेरन घालून आमच्यासमोर उभा राहिला. आईनं पाट बघितला, दोरी बघितली, माणूस बघितला.

“मी काय गोणी आहे का? अन् हे काय बैल हाईत?”

मी समजावलं की हे त्याचं काम आहे, सगळेच बसतात. तिनं मान हलवली. त्या माणसाला मराठी कळलं नाही, पण नकार कळला. तो म्हणाला, “माताजी, आप नहीं बैठेंगी तो मैं क्या खाऊँगा?”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुरोगामी पोस्टींमध्ये असल्या प्रसंगाला दोनच शेवट असतात. एकतर ‘आम्ही माणसानं ओढलेल्या गाडीत बसलो नाही’ म्हणून आपली पाठ थोपटायची, नाहीतर ‘रोजगार मिळतो’ म्हणून आरामात बसायचं. पहिल्यात तो उपाशी, दुसऱ्यात तो बैल. आईनं सोलापुरी हिंदीत तिसराच तोडगा काढला. “पैसे पूरे लेव. खींचना नहीं. गाडी लेके मेरे साथ चलो, हाथ पकडो. जिधर कोई नहीं, उधर लेके चलो.”

तो हसला. रिकामी स्लेज एका हातानं ओढत आणि दुसऱ्या हातानं आईला धरत तो आम्हाला गर्दीपासून लांब, देवदारांच्या कडेला घेऊन गेला. तिथं बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं. त्यानं स्लेज टेकवली. आईनं पिशवीतून चादर काढली, पाटावर घडी करून अंथरली आणि बसली. चादरीवरची नक्षी बघून त्यानं विचारलं, “शोलापुर?” आईला एवढा आनंद मी टॉवेल कारखान्याच्या बोनसच्या दिवशीही झालेला पाहिला नव्हता.

त्या न हलणाऱ्या स्लेजवर ती दीड तास बसली. त्या माणसानं समोरच्या झाडांची नावं सांगितली आणि आकाश साफ असेल तेव्हा नंगा पर्वत कुठल्या बाजूला दिसतो ते हात करून दाखवलं. त्या दिवशी ढग होते. मग तो त्याची कांगडी फेरनच्या आत धरून गप्प बसला. मी चार वेळा मोबाइल काढला आणि चार वेळा ठेवला. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, “इथं काहीच वाजत नाही रे.”

ताजा बर्फ भुसभुशीत असतो, त्याच्या कणांमधल्या मोकळ्या जागेत आवाज शोषला जातो, म्हणून बर्फ पडून गेल्यावर सगळं चिडीचूप होतं. हे शास्त्र मला माहीत होतं. आईला ते माहीत नव्हतं, पण तिनं ते ऐकलं. जन्मभर मागांच्या खटखटीत राहिलेल्या बाईला ती शांतता जशी ऐकू आली, तशी ती स्की करत खाली येणाऱ्याला ऐकू येणं अवघड आहे. त्याच्या कानात वारा असतो. तो आनंदही खराच आहे. पण माझ्या आईनं जे मिळवलं ते तिथं ‘काही न करता’च मिळणार होतं, आणि मी ते जवळजवळ हुकवलं होतं.

* * *

आता इतिहास बघू, कारण ‘बर्फ म्हणजे स्कीइंग’ हे समीकरण आपल्याला वाटतं तितकं जुनं नाही. युरोपातल्या ज्या आल्प्सकडे बघून आपण स्की रिसॉर्टची कल्पना उसनी घेतली, तिथं हिवाळी पर्यटनाची एक मोठी सुरुवात झोपून राहणाऱ्यांनी केली आहे. स्वित्झर्लंडमधलं दावोस आज जगभरच्या श्रीमंतांच्या परिषदेमुळे आपल्याला माहीत आहे. १८६५ च्या हिवाळ्यात तिथं पहिले दोन क्षयरोगी आले. अलेक्झांडर स्पेंग्लर नावाच्या डॉक्टरचं म्हणणं होतं की उंचावरची कोरडी, थंड हवा या आजाराला मानवते. पुढं तिथं मोठमोठी आरोग्यधामं उभी राहिली. उपचार काय, तर उघड्या सज्जात आरामखुर्चीवर ब्लँकेट गुंडाळून तासन् तास पडून राहायचं आणि समोरचा बर्फ बघायचा. अँटिबायोटिक्स येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

स्की तिथं नंतर आली, नॉर्वेहून. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल १८९४ मध्ये दावोसहून स्कीवरून डोंगर ओलांडून अरोसाला गेला. त्यावर त्यानं मासिकात लेख लिहिला आणि पुढं शेकडो इंग्रज स्कीइंगसाठी इथं येतील असं भाकीत केलं. भाकीत खरं ठरलं. पण डॉयल दावोसला होता कशाला? त्याच्या बायकोला क्षय झाला होता आणि ती हवापालटासाठी तिथं राहत होती. म्हणजे ज्या माणसाच्या लेखानं इंग्रजांना स्कीचं वेड लागायला हातभार लावला, तो माणूसही एका न खेळणाऱ्या बाईमुळे त्या डोंगरात पोचला होता.

गुलमर्गचंही तसंच. मोगलांच्या काळापासून लोक तिथं फुलांची कुरणं बघायला जात. इंग्रज उन्हाळ्यात उकाड्यातून सुटायला जात आणि गोल्फ खेळत. ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ तिथं १९२७ मध्ये निघाला, तोही इंग्रज अधिकाऱ्यांनी काढलेला. आज तिथं जी केबल कार आहे, तिचा कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवतपर्यंतचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा जवळपास तेरा हजार फुटांवर नेऊन सोडतो. स्कीवाल्यांना वरून खाली घसरत यायला त्यामुळे सोय झाली. पण रांगेत उभं राहून बघा. माझ्या पुढं आणि मागं नागपूर, राजकोट, हैदराबादची कुटुंबं होती. मफलर, माकडटोप्या, फरसाणाच्या पिशव्या. पाठीवर स्की असलेले मोजके. गोंडोलाची तिकीटखिडकी, टंगमर्गची कोट-बुटांची दुकानं, कहव्याचे ठेले ज्या गर्दीवर चालतात, ती हीच न खेळणाऱ्यांची गर्दी. जत्रा ज्यांच्या जिवावर भरते, त्यांनाच ‘तुम्ही आलात कशाला’ असं विचारायचं?

* * *

जत्रेवरून सोलापूरवर येतो.

दर संक्रांतीला आमच्या गावात सिद्धेश्वराची यात्रा भरते. आम्ही तिला गड्ड्याची जत्रा म्हणतो. सात नंदीध्वज निघतात. उंचच उंच, जड काठ्या. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस ती काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरतो आणि चालतो. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव लागतो. तोल गेला तर काय होईल या विचारानं बघणाऱ्याचाच श्वास अडकतो. आता सांगा, आजवर कुणी कुणाला विचारलंय का, “नंदीध्वज नाही धरलास? मग गड्ड्याला गेलतास कशाला बे?” संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा होतो. तिथं जमलेला प्रत्येक माणूस अक्षता टाकतो. काठी धरणारे थोडे, अक्षता टाकणारे सगळं गाव. अक्षता टाकणाऱ्याविना लग्न लागत नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि पंढरपूर? तेही आमच्याच जिल्ह्यात. आषाढीला दर्शनाची रांग किती लांब जाते ते टीव्हीवर सगळा महाराष्ट्र बघतो. पायी चालून आलेल्या कितीतरी वारकऱ्यांना गाभाऱ्यापर्यंत पोचता येत नाही. ते नामदेव पायरीला हात लावतात, लांबून कळसाला हात जोडतात आणि परत फिरतात. त्यांची वारी अर्धी राहिली असं कुणी म्हणत नाही. जो कळस बघतो त्याला विठ्ठल भेटला, असं मानण्याइतकं मोठं मन या मातीत शेकडो वर्षं आहे. मग अफरवतच्या शिखराकडे खालून बघणाऱ्या बाईची वारी अपुरी कशी?

गाण्यातही तेच. आपल्याकडे तानसेन होता येत नसेल तर कानसेन व्हावं म्हणतात, आणि कानसेनाला पहिल्या रांगेत सतरंजीवर मान असतो. पार्क मैदानावर मॅच बघणाऱ्याला कुणी बॅट घेऊन ये म्हणत नाही. बघणं, ऐकणं, हजर असणं याला आपल्याकडे प्रतिष्ठा होती. ती आपण कुणाच्या सांगण्यावरून सोडली? ज्यांना ताशी दरानं काहीतरी विकायचंय त्यांच्या. बघण्याला दर लावता येत नाही. दीड तास गप्प बसलेल्या माणसाचं पॅकेज होत नाही, रील तर मुळीच होत नाही. म्हणून बघणं ‘फुकट घालवलेला वेळ’ ठरलं आणि दर लावता येतं ते सगळं ‘एक्सपिरियन्स’ झालं.

* * *

माझ्यावर येणारे दोन आक्षेप मला माहीत आहेत.

पहिला, की हे न खेळणारे पर्यटकच कचरा करतात. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, बर्फावर थुंकणं. खरंय. मी पाहिलंय आणि मला लाज वाटली आहे. पण कचरा टाकणारा बघत नसतो, एवढं लक्षात घ्या. तो पाच ‘पॉइंट’ दोन तासांत उरकत असतो. उरकणाऱ्याचं जागेशी नातं जुळत नाही, म्हणून तो पाकीट टाकून पुढं जातो. त्याला अजून एक अॅक्टिव्हिटी विकून तो सुधारणार नाही. एका जागी तासभर बसवलं तर कदाचित सुधारेल.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. तो असा, की मला जमलं नाही म्हणून मी तत्त्वज्ञान सांगतोय. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. यावर मी एवढंच म्हणेन, की स्कीइंग ही फार देखणी गोष्ट आहे. मला शिकवणारा तो पोरगा तास संपल्यावर एकटाच वर गेला आणि उतारावर दोन्ही बाजूंना वळत, बर्फाचा भुगा उडवत असा खाली आला, की मी सुजलेल्या गुडघ्यासकट टाळ्या वाजवल्या. गुलमर्गजवळच्या गावात वाढलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला. त्या वेळी सगळ्या भारताकडून तो एकटाच खेळाडू होता. अशांनी खेळावंच, आपण डोळे भरून बघावं. मी भांडतोय ते खेळाशी नाही. खेळत नाही त्याला कमी लेखणाऱ्याशी आहे. आणि एका तासाच्या पॅकेजमधला सात सेकंदांचा व्हिडिओ टाकून खेळल्याचा आव आणणाऱ्याशी आहे, म्हणजे पुन्हा माझ्याशीच.

त्याच बीजिंग ऑलिंपिकमधली एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. तिथल्या स्पर्धा जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झाल्या. कोरड्या डोंगरांवर पाणी नेऊन, यंत्रांनी गोठवून पांढऱ्या वाटा बनवल्या. खेळाला डोंगर असा वाकवून घ्यावा लागतो. बघणाऱ्याला तो आहे तसा चालतो. हा फरक यापुढं वाढत जाणार आहे. २०२४ च्या जानेवारीत ऐन हंगामात गुलमर्गची कुरणं तपकिरी, कोरडी पडली होती. ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. २०२५ च्या फेब्रुवारीत पुरेसा बर्फ नाही म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढं ढकलाव्या लागल्या. बर्फ आला नाही तर स्कीवाला दुसरा देश शोधेल. फेरन घातलेला तो माणूस रिकामी स्लेज घेऊन कुठं जाईल?

डोंगर जर फक्त स्कीसाठी असेल, तर बर्फ नसलेल्या वर्षी त्याची किंमत शून्य. पण तो बघण्यासाठी, बसण्यासाठी, त्या माणसाकडून झाडांची नावं ऐकण्यासाठीही असेल, तर तपकिरी गुलमर्गलाही जाता येतं. उलट तेव्हाच जायला पाहिजे. आपलं नातं जागेशी आहे की तिथल्या घसरगुंडीशी, हे अशाच वर्षी कळतं.

* * *

तर पुढच्या हिवाळ्यात कुणी मनालीला, औलीला, गुलमर्गला निघत असेल, तर माझं ऐका. स्की शिकायची असेल तर नीट आठ-दहा दिवस द्या आणि खरंच शिका. तसं नसेल तर तो एक तासाचा नाटकी कार्यक्रम सोडा. घोड्यावर, स्लेजवर बसायचं नसेल तर बसू नका, पण त्या माणसाचा रोज बुडवू नका. त्याला वाट दाखवायला घ्या, सोबतीला घ्या आणि ठरले तेवढे पैसे द्या. आणि आईबाबांना घेऊन जात असाल तर सामान हॉटेलवर ठेवा. त्यांच्या हातात काही देऊ नका. अर्ध्या तासानं “बोअर होतंय का?” असंही विचारू नका. बोअर तुम्हाला होत असतं.

परवा मे महिन्याच्या दुपारी सोलापूरला घरी होतो. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. शेजारच्या काकू ताक प्यायला आल्या होत्या. त्यांनी आईला विचारलं, “काश्मीरला जाऊन काय काय केलात वो?”

मी आतल्या खोलीत होतो. माझेच कान टवकारले.

“बसले,” आई म्हणाली.

“बसला?”

“बसले की. दीड तास. याच चादरीवर.”

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पुढच्या टायमाला मलाबी न्या.”